खाडीतल्या हलक्या ल्युअरसाठी रीळ: २५०० का, १००० का नाही, ४००० का नाही

तुमचा प्रश्न असा: घर चिपळूणला, आजवर तंगूस (नायलॉनची दोरी) नि कोळंबी लावून गरवलं, आता दाभोळच्या खाडीत ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, टाकून मासा धरायचाय. सात फुटी, १० ते २० पौंडांच्या दोरीसाठीचा स्पिनिंग रॉड घेऊन झालाय. ल्युअर ५ ते १५ ग्रॅमची वापरणार. गाडी अडलीय ती रिळावर. दुकानदार म्हणाला ४००० न्या, मोठा जिताडा लागला तर पंचाईत नको. मित्र म्हणाला १००० घे, हलकी मासेमारी करायची तर रीळही हलकंच हवं. पैसे एकाच रिळापुरते आहेत. कुठलं घ्यायचं?

२५०० घ्या. शिमानो किंवा दाइवा या जपानी कंपन्यांच्या आजच्या मोजणीतलं २५००, नाहीतर त्याच अंगावर (बॉडीवर) बांधलेलं सी३०००. वजन २२० ते २५० ग्रॅमच्या आसपास, गिअर रेशो साधारण ६ ला १, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला दोरीचे सहा वेढे. त्यावर पीई १ ची (पीई म्हणजे दोरीच्या जाडीचा जपानी नंबर) आठपदरी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी १५० मीटर, पुढे मीटर-दीड मीटर २० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे ल्युअरला बांधायचा घासणं सोसणारा तुकडा. एवढं चिठ्ठीवर लिहून दुकानात गेलात तरी चुकणार नाही. पण असं का, हे एकदा नीट कळलं की पुढचं रीळ घेताना तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. भाट्याची खाडी, जयगडची खाडी आणि खाली कर्लीची खाडी, या तिन्ही ठिकाणी गेली वीस वर्षं मी ल्युअर टाकतोय. लिहितोय ते तिथल्या पाण्यातून आलेलं आहे.

पहिल्यांदा त्या आकड्याचं. रिळावर २५०० लिहिलेलं असतं ते कशाचंही माप नाही. किलो नाही, मीटर नाही, मिलिमीटर नाही. ते नुसतं नाव आहे, चपलेच्या नंबरासारखं, आणि चपलेसारखंच कंपनीगणिक बदलतं. दाइवानं २०१८ साली एलटी नावाची बांधणी आणली तेव्हा आपले आकडे नव्यानं लावले. त्याआधीचं दाइवाचं ३००० आजच्या एलटी ४००० च्या जवळ जातं. म्हणून कुणाचं जुनं रीळ स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर आकडा वाचून घेऊ नका, हातात घेऊन बघा. पेन कंपनीच्या काही रिळांचे आकडे २५००, ३५००, ४५०० असे चढतात आणि त्यांचं २५०० जपानी २५०० पेक्षा हाताला चांगलंच भरीव लागतं. शिमानोत आकड्याच्या आधी ‘सी’ असेल तर अंग लहान आणि स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) एक पायरी मोठा: सी३००० चं अंग २५०० चं, सी२००० चं अंग १००० चं. आकड्याच्या मागचा ‘एस’ म्हणजे उथळ स्पूल, बारीक दोरीसाठी. ‘एचजी’ म्हणजे जलद गिअर. दाइवात ‘सी’ आकड्याच्या मागे येतो, ‘डी’ म्हणजे खोल स्पूल, ‘एक्सएच’ म्हणजे आणखी जलद गिअर. ही अक्षरं आकड्याइतकीच, कधी कधी आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची असतात. खोक्यावर तीन गोष्टी शोधा: रिळाचं वजन ग्रॅममध्ये, किती जाडीची दोरी किती मीटर बसते, आणि हँडलच्या एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोरी आत येते. कंपनी कुठलीही असो, या तीन आकड्यांवरून रीळ ओळखता येतं.

आता मूळ मुद्दा, खाडीतल्या माशाचा. सुरमई मोकळ्या समुद्रात गळाला लागली की शंभर मीटर दोरी सरळ ओढून नेते. तिच्यासाठी दोरीचा साठा लागतो, मोठा स्पूल लागतो. खाडीतला मासा लांब पळत नाही, जवळ लपतो. तांबोशीला तीन मीटर पुरतात. गोबऱ्याला त्याहून कमी, तो दगडाखालून येतो आणि दगडाखाली जातो. जिताडा, ज्याला तुमच्याकडे खजुराही म्हणतात आणि गोव्यात चणक, तो तेवढा बाहेर येतो, उडी मारतो, डोकं झटकतो, वीस-तीस मीटर नेतो. पण त्याचंही लक्ष शेवटी जेटीच्या खांबाकडेच असतं. खांबावर कालवं, कांदळाच्या मुळांवर कालवं, बुडालेल्या ओंडक्यावर कालवं. पीई १ ची ताणलेली दोरी कालवाच्या कडेला नुसती लागली तरी सुरीनं कापल्यासारखी जाते.

कर्लीच्या खाडीतली एक सकाळ सांगतो, कारण त्यात रिळाचं सगळं काम दिसतं. देवबागच्या अलीकडे चिपीची (कांदळवनातली) झाडं पाण्यावर वाकलेली, ओहोटी अर्धी झालेली, मुळं वर यायला लागलेली. होडी काठापासून पंधरा मीटरवर. सात सेंटिमीटरचा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचं ल्युअर) मुळांपासून हातभर अंतरावर पडला. मनगटानं दोन झटके दिले आणि थांबलो. थांबल्यावरच घेतला त्यानं. रॉडचं टोक पाण्याला टेकलं, ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडू देणारा रिळाचा ब्रेक, एकदा जेमतेम हातभर सुटला, अडखळला नाही. मी हँडल फिरवलंच नाही, फक्त रॉड आडवा धरून ठेवला. होडीवाल्या काकांनी बांबू रोवला आणि होडी मागे रेटली. मासा मुळांपासून दोन मीटर बाहेर आला तेव्हा मी पहिला फेरा घेतला. पुढचं सगळं मोकळ्या पाण्यात झालं. दीड किलोची तांबोशी. लीडर बोटांत धरून पाहिला तर खालची हातभर लांबी पॉलिश पेपरसारखी खरखरीत झालेली. या सगळ्या झटापटीत ड्रॅग सुटून दहा मीटरही दोरी गेली नव्हती.

त्या दोन सेकंदांत रिळानं काय केलं ते बघा. ड्रॅग सुटला तेव्हा एकसारखा सुटला, धक्का न देता. रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) आणि गिअर ताणाखाली वाकले नाहीत. पहिला फेरा घेतला तेव्हा हँडल अडलं नाही. बाकीचं काम रॉडनं, दोरीनं आणि काकांच्या बांबूनं केलं. म्हणून मी रीळ निवडताना उलटीकडून येतो: आधी मासा आणि जागा, मग दोरी, मग रॉड, आणि या तिघांना जुळेल ते रीळ. दुकानदारानं ४००० सांगितलं ते माशाच्या भीतीनं आणि मित्रानं १००० सांगितलं ते ‘हलकं’ या शब्दावरून. दोघांनीही दोरीचा विचार केला नाही.

दोरीचा हिशोब सोपा आहे. जपानी मापात पीई १ ची जाडी ०.१६५ मिलिमीटर, ०.८ ची ०.१४८, १.५ ची ०.२०५. चांगली आठपदरी पीई १ साधारण सात-आठ किलोला तुटते. तुमच्या १० ते २० पौंडी रॉडला ती नेमकी बसते, आणि ५ ग्रॅमचं ल्युअरही वाऱ्यात जाईल एवढी बारीक आहे. आता खोक्यावर लिहिलेलं असतं, समजा, ‘०.२५ मिमी नायलॉन १५० मीटर’. दोरी किती बसते हे जाडीच्या वर्गावर ठरतं. ०.२५ चा वर्ग ०.०६२५, ०.१६५ चा वर्ग ०.०२७. म्हणजे जिथे तंगूस १५० मीटर बसतो तिथे पीई १ साधारण ३४० मीटर बसेल. तुम्हाला खाडीत लागणार १५०, आणि त्यातले प्रत्यक्ष वापरात येणार पन्नास-साठ. म्हणून २५०० च्या साध्या स्पूलवरसुद्धा निम्म्याहून जास्त जागा तळाला जुन्या तंगुसानं भरून घ्यावी लागते. जिथे २५०० च अर्धं रिकामं राहतं तिथे ४००० चा साठा घेऊन करणार काय?

तळाचा तंगूस आणखी एका कारणासाठी हवाच. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते, थेट स्पूलच्या धातूवर गुंडाळली तर ताण आल्यावर सगळी गुंडाळी एकदम फिरते. मग वाटतं ड्रॅग ढिला आहे, आपण आवळत राहतो, आणि दोरी फिरतच राहते. तंगूस धातूला पकडतो, ब्रेडेड तंगुसाला पकडते. किती तंगूस लागेल याचा अंदाज चुकतो, म्हणून आधी ब्रेडेड गुंडाळा, तिच्यावर तंगूस जोडून स्पूल भरेपर्यंत भरा, मग सगळं दुसऱ्या रिळावर काढा, तिथून तिसऱ्यावर, आणि शेवटी आपल्या रिळावर उलट्या क्रमानं परत आणा. दुसरं रीळ नसेल तर पत्र्याचे रिकामे डबे चालतात. अर्धा तास जातो, पण एकदाच. भरताना कडेपासून दीड-दोन मिलिमीटर रिकामं सोडा. त्याहून जास्त भरलं तर ब्रेडेडची वेटोळी एकदम सुटून गाठ होते, आणि वाऱ्यात झालेली ती गाठ सोडवताना भरतीची चांगली वेळ निघून जाते. कमी भरलं तर दोरी कडेला घासत सुटते आणि ल्युअर लांब जात नाही. हलक्या ल्युअरला हा फरक फार लागतो. १५ ग्रॅमला तेवढा जाणवत नाही, ५ ग्रॅमला चार-पाच मीटर सहज खातो.

ड्रॅगवर जरा थांबतो, कारण रीळ विकताना सगळ्यात जास्त फसवा आकडा हाच असतो. खोक्यावर ‘कमाल ड्रॅग ९ किलो’ वाचून लोक खूश होतात. तुमची दोरी तुटते सात-आठ किलोला. ड्रॅग लावायचा दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याला, म्हणजे दोन ते अडीच किलो. उथळ स्पूलच्या २५०० वर कमाल ४ किलो लिहिलेलं असतं, तेही पुरून उरतं. बघायचं ते ड्रॅग किती घट्ट होतो हे नाही, किती सारखा सुटतो हे. घरी करून बघा: रॉडला रीळ लावा, दोरी सगळ्या गाईडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) काढा, टोकाला दोन लिटरची पाण्यानं भरलेली बाटली बांधा. ती झाली दोन किलो. रॉड हळूहळू वर उचला. ड्रॅग एवढा सोडा की बाटली जमिनीवरून उठते न उठते तोच दोरी सुटायला लागेल. आता बाटली खाली जाताना बघा. लोणी वितळल्यासारखी एका गतीनं उतरली तर ड्रॅग चांगला. थांबली, मग धपकन खाली आली, पुन्हा थांबली, तर तो ड्रॅग माशाच्या पहिल्याच झटक्याला दोरी तोडणार. हाताला दोन किलो किती जड लागतात हेही याच वेळी कळतं. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जड. त्यानंतर कमाल ड्रॅगच्या आकड्याचं आकर्षण आपोआप कमी होतं.

ड्रॅगचं आणखी एक, जे फार कमी लोक लक्षात घेतात. मासा दोरी नेतो तसतशी स्पूलवरची गुंडाळी बारीक होत जाते, आणि तोच लावलेला ड्रॅग माशाला जास्त घट्ट लागतो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. लहान स्पूलवर हे लवकर होतं. १००० च्या लहान स्पूलवर जिताड्यानं तीस मीटर नेले की दोन किलोवर लावलेला ड्रॅग तुम्हाला न कळत थोडा घट्ट झालेला असतो. २५०० च्या मोठ्या, रुंद स्पूलवर तेवढ्याच तीस मीटरनं व्यास त्याहून कमी बदलतो.

१००० घ्यायचं नाही याचं एक छोटं कारण इथे सांगून झालं. मोठं कारण रॉडमध्ये आहे. तुमचा रॉड सात फुटी. त्यावर १७०-१८० ग्रॅमचं रीळ लावलं की टोक जड होतं, रॉड सारखा पुढे झुकतो, आणि तो वर धरून ठेवायचं काम मनगटाला करावं लागतं. लहान रीळ म्हणजे हात कमी दुखेल असं वाटतं, होतं उलट. शिवाय १००० चे गिअर लहान, हँडलची दांडी आखूड. उघड्या वाळूवर मुडदुशी किंवा छोटे पालू धरायला ते सुंदर आहे, पण जेटीखाली नाही. माझ्या भाच्यानं असंच एक रीळ हौसेनं आणलं होतं. तीन किलोचा जिताडा त्यानं त्यावर काढला, छान काढला, पण त्या दिवसानंतर हँडल फिरवताना आतून जात्यासारखी घरघर यायला लागली. गिअरचे दात मऊ होते, एका माशानं त्यांचं काम झालं. पोरगं मासा दाखवत हसत होतं आणि दुसऱ्या हातानं हँडल फिरवून बघत होतं, ते अजून डोळ्यासमोर आहे.

४००० चं गणित वेगळं. ते दमदार रीळ आहे, ताण सहज घेतं. वजन मात्र २८० ते ३०० ग्रॅम. फरक पन्नास-साठ ग्रॅमचा, म्हणजे एका अंड्याएवढा. पण आमिष लावून बसण्यात आणि ल्युअर टाकण्यात हाच फरक आहे की ल्युअरवाला कधी थांबत नाही. चाळीस सेकंदाला एक फेक धरली तर तासाला नव्वद, चार तासांत तीनशे साठ. प्रत्येक फेकीत झटके, थांबणं, दोरीवर बोट ठेवून चाहूल घेणं. तिसऱ्या तासाला हात जड झाला की सगळ्यात आधी झटके बिघडतात, मग लक्ष बिघडतं. जिताडा पुष्कळदा ल्युअर थांबलेलं असताना हलकेच आत ओढून घेतो. हातात ‘टक्’ एवढंच येतं. जड, पुढेमागे तोल गेलेल्या सामानावर तो टक् हरवतो. तुमच्या रॉडचं पहिलं गाईडही बघा. हलक्या रॉडचं गाईड लहान असतं, आणि ४००० च्या मोठ्या स्पूलवरून सुटणारी रुंद वेटोळी त्या लहान कडीत कोंबली जातात. दोरी ‘सर्र’ जायच्या ऐवजी फटफट आपटत जाते आणि फेक आखूड पडते.

तोल तपासायची रीत: रॉड घेऊन दुकानात जा. दोरी नसली तरी चालेल. रीळ लावा, रिळाच्या पायाच्या किंचित पुढे, मुठीखाली एक बोट ठेवा. रॉड त्या बोटावर आडवा राहिला पाहिजे किंवा अगदी किंचित टोकाकडे झुकला पाहिजे. सात फुटी हलक्या रॉडवर २५०० हे बहुतेक वेळा जमवतं. ऑनलाइन मागवायचं असेल तर घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तांदळाची २३० ग्रॅमची पुरचुंडी मोजा, रिळाच्या जागी बांधा आणि बघा. हा प्रयोग मी कितीतरी जणांना करायला लावलाय.

गिअरबद्दल माझं मत एचजीच्या बाजूनं आहे, पण समजून घेऊन घ्या. ५ च्या आसपासच्या रेशोला २५०० वर एका फेऱ्यात साधारण ७५ सेंटिमीटर दोरी येते, ६ ला सुमारे ९०. खाडीत पाणी सतत वाहतं. जिगहेडवरचं (जड डोकं असलेल्या गळावरचं) सॉफ्ट प्लॅस्टिक तळावर टुणकन उचललं की मधली ढिली दोरी लगेच आत घ्यावी लागते, नाहीतर माशानं धरलेलं कळत नाही आणि कळलं तरी गळ रुतत नाही. तिथे ते वाढीव पंधरा सेंटिमीटर कामाला येतात. तोटा एवढाच की नवा माणूस एचजीवर ल्युअर फार जोरात ओढतो. आमिषावर गरवणाऱ्याला तर पहिले काही दिवस हँडल फिरवायचीच घाई असते. मनात ‘एक... दोन’ म्हणत फिरवा. मुळांत घुसणाऱ्या माशाला हँडलच्या जोरावर ओढू नका, रॉडनं उचला, रॉड खाली आणताना फेरा घ्या, पुन्हा उचला. हँडल डावीकडे की उजवीकडे याची काळजी नको, स्पिनिंग रिळाचं हँडल कुठल्याही बाजूला लावता येतं. उजव्या हातानं फेकत असाल तर डावीकडे लावा, हात बदलावा लागत नाही.

फेकल्यावर बेलची तार (स्पूलवरची दोरी धरणारी कमान) हँडल फिरवून बंद करू नका, हातानं पाडा आणि बोटानं दोरी जरा ताणून मगच फिरवा. ब्रेडेडच्या निम्म्या गाठी एवढ्यानं जातात.

बेअरिंगची संख्या बघून रीळ निवडू नका. खारवट हवेत जास्त बेअरिंग म्हणजे गंजायला जास्त जागा. पाच चांगली बेअरिंग दहा स्वस्तातल्यांपेक्षा बरी. पैसे कमी पडत असतील तर रीळ एक पायरी खालचं घ्या पण दोरी चांगली घ्या. स्वस्त ब्रेडेडवर पीई १ लिहिलेलं असतं आणि जाडी दीडची निघते, मग वर केलेला सगळा हिशोब कोलमडतो.

मीठ हा कोकणातला रिळाचा खरा शत्रू. मी पहिल्या दहा वर्षांत तीन रिळं घालवली, तिन्ही माशामुळे नाही, मिठामुळे. घरी आलात की ड्रॅगची टोपी घट्ट करा म्हणजे पाणी आत जाणार नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार वरून सोडा. नळाचा जोरदार फवारा मारू नका, तो मीठ धुण्याऐवजी आत ढकलतो. बादलीत बुडवून तर अजिबात ठेवू नका. फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी तोच अडखळणारा ड्रॅग मिळतो. लाईन रोलरला (बेलवरच्या, दोरी जिच्यावरून सरकते त्या चाकाला) तेलाचा एक थेंब द्या. दोरीबरोबर खारं पाणी सगळ्यात आधी तिथे पोचतं आणि तो बेअरिंग सगळ्यात आधी जाम होतो. जाम झालेला रोलर दोरीला पीळ घालतो, तिचा कसही काढून घेतो, आणि माणूस दोरीला दोष देत बसतो. दाइवाच्या मॅगसील असलेल्या भागांना मात्र घरी तेल घालू नका, तिथे चुंबकानं धरलेलं खास तेल असतं, आपलं तेल त्यात मिसळलं की सील बिघडतं. पावसाळ्यात रीळ कापडी किंवा रबरी पिशवीत बंद करून ठेवू नका. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमटात दोन महिन्यांनी पिशवी उघडाल तर बेलवर पांढरी बुरशी आणि स्क्रूवर हिरवट गंज. उघड्यावर, हवा लागेल असं टांगा.

तुमच्या २५०० नं भागणार नाही अशा दोनच जागा आहेत. एक, खाडीचं मुख, जयगडच्या खडकांसारखं, जिथे २५-३० ग्रॅमचं जिग (धातूचं जड ल्युअर) लांब फेकायचं आणि समुद्रातून आत आलेला मासा लागू शकतो. तिथे ४००० आणि पीई १.५ ते २, पण रॉडही वेगळा हवा. दुसरी, उधाणाच्या दिवसांतली रात्रीची जेटी, जिथे मोठ्या जिताड्याला खांबापासून निव्वळ ताकदीनं तोडावं लागतं. या दोन्हींसाठी आत्ता रीळ घेऊ नका. वर्षभर २५०० वर हात बसू द्या.

मोठ्या जिताड्याबद्दल एक विनंती. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे खाडीतली मोठी जिताडी बहुतेक सगळ्या माद्याच, आणि पावसाळ्याच्या सुमारास त्या मुखाजवळ अंडी सोडायला जातात. पाच-सहा किलोची मिळाली तर फोटो काढा आणि सोडून द्या. अतिहलक्या सामानावर असा मासा वीस-पंचवीस मिनिटं झुलवला तर सोडल्यावरही तो जगेलच असं नाही. २५०० आणि पीई १ नं, नीट लावलेल्या ड्रॅगनं, तो पाच-सात मिनिटांत बाजूला येतो आणि जोरात शेपूट मारून जातो. १००० नको म्हणण्यामागे माझ्या मनात हे कारणही आहे.

आता दाभोळच्या खाडीत सुरुवात कुठून करायची ते सांगतो. उधाणाच्या दिवसांत पाणी गढूळ असतं आणि ओढ एवढी की १० ग्रॅमचं जिगहेड तळ गाठत नाही. सुरुवात अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत करा. पाणी निवळ असतं, ओढ बेताची, आणि ल्युअर काय करतंय ते डोळ्यांनी दिसतं. ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास बघा, कांदळातून छोट्या वहाळांचं पाणी बाहेर येतं त्या तोंडांवर. बारकी बोय आणि कोळंबी तिथूनच बाहेर पडते आणि जिताडा बाहेर तोंड लावून थांबलेला असतो. ७ ग्रॅमचं जिगहेड, तीन इंची शॅड (माशाच्या आकाराचं मऊ ल्युअर), वहाळाच्या तोंडापासून जरा वर फेकायचं आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्यायचं.

आणि चिपळूणच्या बाजूला, याच खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीच्या वरच्या अंगाला, पाण्यात उतरून ल्युअर टाकू नका. तिथे मगरी आहेत, मऊ चिखलाच्या काठावर दुपारी ऊन खात पडलेल्या दिसतात. होडी किंवा उंच काठ, या दोनच जागा. ल्युअर मुळांत अडकलं तर दोरी ओढून तोडा, सोडवायला गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. ब्रेडेड हाताला गुंडाळून ओढलीत तर बोट कापेल, एखाद्या लाकडी दांडक्याला चार वेढे द्या आणि सरळ मागे चालत जा.